पितृपक्षातलं नॉम पेन्ह

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं कंबोडियाला निघालो, तेव्हा रत्नागिरीहून जाऊबाईंचा फोन आला. "अगं, पितृपक्षात कुणी सहलीला जातं का?" त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे या पंधरवड्यात कुणी नवी साडीसुद्धा घेत नाही, मग परदेशवारी तर लांबच. माझा नवरा मात्र तिकिटं स्वस्त मिळाली याच आनंदात दोन महिने होता. निवृत्त इंजिनिअर तो. त्याच्या लेखी मुहूर्त एकच, भाव उतरलेला असण्याचा. "वहिनी, तिकडे पावसाळा असतो म्हणून स्वस्त. पितरांचा काही संबंध नाही," असं त्यानं फोनवर समजावून सांगितलं. संबंध होता, आणि तो आम्हा दोघांनाही ठाऊक होता. पण रत्नागिरीला फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

मंडळी, आपल्यापैकी जे आर्टीशियाच्या पायोनिअर बुलेवार्डवर कोथिंबीर-मिरच्या आणायला जातात त्यांना माहीत असेल, तिथून जरा खाली लाँग बीच लागतं. भारताबाहेरच्या मराठी माणसांना जशी आपापली 'लिटल इंडिया' असते, तशी तिथे कंबोडियन लोकांची वस्ती आहे. अनाहाइम स्ट्रीटच्या एका भागाला २००७ सालापासून अधिकृत नावच 'कंबोडिया टाऊन' आहे. आणि दक्षिण कॅलिफोर्नियात गुलाबी खोक्यात डोनट देणारी जी छोटी दुकानं दिसतात, त्यातली बरीचशी याच लोकांची. आमच्या घराजवळच्या दुकानात गेली वीस-बावीस वर्षं एक बाई पहाटे चारपासून उभ्या असतात. ख्मेर भाषेत वयानं थोड्या मोठ्या माणसाला 'बाँग' म्हणतात, म्हणजे ताई आणि दादा दोन्ही एकाच शब्दात. तेव्हा मी त्यांना बाँग म्हणते, आणि त्या मला सिस्टर म्हणतात. इतक्या वर्षांत मुलांची ग्रॅज्युएशन, गुडघे, महागाई, सगळं बोलून झालं होतं. गाव तेवढं राहिलं होतं.

अंगकोर वाट बघायला जायचं म्हणतोय, असं मी एकदा सहज म्हणाले. बाँगनं विचारलं, "आणि नॉम पेन्ह?" मी म्हटलं, एक दिवस. सगळे तेच करतात. अंगकोरला चार दिवस, राजधानीला विमान बदलण्यापुरता वेळ. त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्यानं डोनटच्या खोक्यावर एक पाकीट ठेवून त्यांनी मला थांबवलं. आत शंभर डॉलर आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ख्मेर लिपीत चार नावं. वडील, दोन भाऊ, एक आत्या.

हे लोक मूळ नॉम पेन्हचे. वडील शाळामास्तर, म्हणजे 'क्रू', जो आपला गुरूच. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजचे सैनिक शहरात शिरले आणि त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं. अमेरिकन विमानं बाँब टाकणार आहेत, तीन दिवसांसाठी बाहेर पडा, असं सांगितलं. युद्धामुळे खेड्यांतून आलेले निर्वासित धरून शहरात तेव्हा वीस लाखांच्या आसपास माणसं होती. इस्पितळातले पेशंटसुद्धा खाटांसकट रस्त्यावर आले. एप्रिल तिथला सगळ्यात कडक उन्हाळ्याचा महिना. बाँग तेव्हा एकोणीस वर्षांच्या. पाचव्या दिवशी वडील एका झाडाखाली बसले, आणि गर्दीच्या रेट्यात ह्या पुढे गेल्या. झाड कसलं होतं ते त्यांना आठवतं, गाव कुठलं होतं ते माहीत नाही. भाऊ आणि आत्या पुढच्या चार वर्षांत गेले. कधी आणि कुठे, ते सांगायला कुणी उरलं नाही. त्या स्वतः १९७९ साली थायलंडच्या सीमेवर पोचल्या, आणि तिथल्या छावणीतून लाँग बीचला.

"इथे लाँग बीचला वाट आहे. मी दरवर्षी करते," त्या म्हणाल्या. वाट म्हणजे बौद्ध मठ-मंदिर. "पण वडील नॉम पेन्हचे. ते तिथल्याच सात वाटांमध्ये शोधणार. ते अमेरिकेला कसे येतील?"

आता हे 'शोधणं' काय, ते सांगायला हवं. कंबोडियात 'प्चुम बेन' नावाचा सण असतो. प्चुम म्हणजे एकत्र येणं, आणि बेन म्हणजे आपला पिंड. हा सण पंधरा दिवसांचा. या काळात पितरांना मोकळीक मिळते आणि ते आपल्या माणसांनी काही ठेवलंय का ते बघत वाटांमधून हिंडतात. सात वाटा हिंडून कुठेच आपल्या नावाचं काही सापडलं नाही, तर ते उपाशी परत जातात. म्हणून जिवंत माणसांनीही शक्य तितक्या वाटांमध्ये जायचं. सण महिन्याच्या कृष्णपक्षात येतो आणि अमावास्येला संपतो. महिन्याचं नाव फोत्रबोत. आमच्या स्वयंपाकघरात दारामागे कालनिर्णय लटकलेलं असतं. इंजिनिअरसाहेबांनी फोनवर त्यांच्या सणाच्या तारखा काढल्या, कालनिर्णयाशी ताडून पाहिल्या आणि चष्मा काढून म्हणाले, "अगं, हा भाद्रपद आहे!" २०२४ ची त्यांची प्चुम बेनची तारीख २ ऑक्टोबर, आणि आपली सर्वपित्री अमावास्याही २ ऑक्टोबर. मग त्याला नादच लागला. चेत, पिसाक, चेस, आसाथ, स्राप, फोत्रबोत... सगळी यादी आपलीच, फक्त हजार-दीड हजार वर्षं दमट हवेत राहून टोकं झिजलेली. अधिक महिन्यालाही ते अधिकमासच म्हणतात. फरक एवढाच, की त्यांच्याकडे तो नेहमी आषाढच असतो.

अशा रीतीनं एक दिवसाचं नॉम पेन्ह सात दिवसांचं झालं. अंगकोर त्यानंतर पाहिलं, पण त्यावर आपल्या अंकात पूर्वी लिहून झालेलं आहे, तेव्हा मी राजधानीबद्दलच लिहिते.

आम्ही उतरलो ते शहराला लागून असलेल्या जुन्या पोचेनतोंग विमानतळावर. सप्टेंबर २०२५ पासून विमानं शहराबाहेरच्या नव्या तेचो विमानतळावर उतरतात. बाहेर येऊन रिक्षा बोलावली आणि मी बघतच राहिले. बजाज! आपली बजाजची रिक्षा, आपल्या वाळूजच्या कारखान्यात बनणारी. पूर्वी इथे मोटारसायकलला मागे बग्गी जोडलेली टुकटुक असायची. गेल्या सात-आठ वर्षांत ह्या आपल्या रिक्षांनी रस्ते व्यापले आहेत, आणि फोनवरच्या अ‍ॅपनं बोलावल्या की मीटरप्रमाणे, न भांडता येतात. माझे बाबा आकुर्डीच्या बजाजमध्ये तीस वर्षं होते. चिंचवडला आमच्या घरी कॅलेंडर बजाजचं, घड्याळ बजाजचं, दिवाळीचा मिठाईचा डबा बजाजचा. नवऱ्यानं रिक्षावाल्याला खुणांनी सांगितलं, हिच्या वडिलांनी ही बनवली. त्या बिचाऱ्याला बहुतेक वाटलं की मालकाचीच मुलगी आली. तो तेव्हापासून आमचा रिक्षावाला झाला. तिशीचा असेल, गाव प्रेय वेंग प्रांतातलं, इंग्रजी कामापुरतं पण विनोदबुद्धी उत्तम.

शहर मला आवडलं. मुंबईसारखं अंगावर येत नाही, सिंगापूरसारखं परीटघडीचंही नाही. फ्रेंचांनी आखलेले रुंद, झाडांचे रस्ते, त्यावर मन मानेल तशी जाणारी वाहनं, फुटपाथवर मांडलेला संसार, आणि रोज दुपारी तीनच्या सुमाराला कोसळणारा पाऊस. व्यवहार डॉलरमध्ये चालतो, सुटे मात्र त्यांच्या रिएलमध्ये, डॉलरला चार हजारांच्या हिशोबानं. अमेरिकन माणसाला सोयीचं, असं वाटतं ना? पण डॉलरच्या नोटेला केसाएवढी चीर असली तरी ती घेत नाहीत. मी अमेरिकेत कधी नोटेकडे निरखून पाहिलं नसेल, इथे दिव्यासमोर धरून बघायला शिकले.

नावाची गोष्ट गोड आहे. १३७२ साली पेन्ह नावाच्या एका म्हातारीला पुरात वाहत आलेल्या झाडात बुद्धाच्या मूर्ती सापडल्या. तिनं मातीची टेकडी घालून त्यावर देऊळ बांधलं. नॉम म्हणजे टेकडी. पेन्ह आजीची टेकडी, तेच शहराचं नाव. टेकडी आणि देऊळ अजून आहे, आणि आजीलाही तिथे वेगळी जागा आहे. राजधानीला आजीचं नाव असलेला दुसरा देश मला माहीत नाही.

राजवाड्याच्या आवारातला रुपेरी पॅगोडा पाहिला. पाच हजारांवर चांदीच्या लाद्या आहेत, पण त्या बहुतेक गालिच्याखाली, कडेला चार दिसतात. त्यापेक्षा आम्ही रमलो ते आवाराच्या भिंतीवरच्या रामायणात. १९०३-०४ च्या सुमाराला रंगवलेली ही चित्रं आवाराला वेढा घालून जातात. खालचा भाग ओलीनं गेलाय, तरी गोष्ट कळते. राम तिथे रीअम, सीता सेडा, रावण रीप. हनुमान हनुमानच. पण आपल्या ब्रह्मचारी मारुतीरायांचं इथे सेतू बांधताना सुवर्णमत्स्या नावाच्या मत्स्यकन्येशी जमतं! नवरा म्हणाला, "रामदासस्वामींना कळवू नका."

राष्ट्रीय संग्रहालय, तांबड्या रंगाचं, १९२० सालचं, मधे कमळांचं अंगण. तिथे भीम भेटला. भेटला म्हणते, कारण आमची जुनी ओळख होती. आपल्या पॅसाडीनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये मुलं लहान असताना आम्ही ह्याच भीमासमोर उभे राहिलो होतो, धाकट्यानं त्याच्यासारखे हात करून फोटोही काढला होता. हा मूळचा को केरचा, दहाव्या शतकातला. तिथल्या देवळात भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध दगडात मांडलेलं होतं, आणि भोवती बसून ते बघणारी मंडळी. सत्तरच्या दशकातल्या युद्धाच्या धामधुमीत चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून परदेशी विकल्या. पावलं जोत्यावर तशीच राहिली. पुढे दुर्योधन न्यूयॉर्कला लिलावात निघाला, तेव्हा ह्या पावलांनीच साक्ष दिली. २०१४ साली दोघंही मायदेशी परतले. आता समोरासमोर पाहिले. नवरा भीमाला म्हणाला, "काय राव, ग्रीन कार्ड सोडलंत वाटतं!"

खाण्याचं थोडक्यात सांगते. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. नारळाच्या दुधात वाटण घालून केळीच्या पानात उकडलेला मासा, 'अमोक', हा कुणाही कोकणी माणसाला घरी आल्यासारखा वाटेल. 'प्राहोक' नावाची आंबवलेली मासळी आहे, तिचा वास ज्यांना सुक्या बाजारातून नाक न दाबता जाता येतं त्यांनीच घ्यावा. आणि सणाच्या दिवसांत जिकडेतिकडे 'नोम कोम' मिळतात. तांदळाच्या पिठाची उकड, आत गूळ-खोबरं, केळीच्या पानात बांधून वाफवलेली. पातोळ्यांची मावसबहीणच. मी पाच खाल्ल्या.

तुओल स्लेंगला जावं की नाही यावर आमचा वाद झाला. ही शाळा होती, तीन मजली, साधी, चिंचवडला असते तशी. ख्मेर रूजनी तिचा तुरुंग केला. बारा हजारांहून अधिक माणसं इथे आणली गेली, त्यातली जिवंत सुटलेली बोटांवर मोजण्याइतकी. वर्गांमधे विटांच्या भिंती घालून केलेल्या कोठड्या अजून आहेत, जमिनीवर शाळेच्याच फरशा. प्रत्येक कैद्याचा आल्याबरोबर फोटो काढत. ते फोटो खोल्याखोल्यांतून लावलेत. बायका, पोरं, मास्तर, काही जण फोटोसाठी सवयीनं किंचित हसलेले. चष्मा लावणारा, परकी भाषा येणारा, शिकवणारा माणूस त्या राजवटीत संशयित. बाँगच्या वडिलांचा चेहरा मला माहीत नव्हता. तरी मी शोधत होते. दुसऱ्या मजल्यावर नवरा म्हणाला, चल, पुरे. या तुरुंगाच्या प्रमुखाला २०१२ साली जन्मठेप झाली आणि २०२० साली तो मेला. २०२५ च्या जुलैत ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. पावणेचार वर्षांच्या त्या राजवटीत देशात पंधरा ते वीस लाख माणसं गेली. आकडा वाचताना काही होत नाही. फोटोतल्या एका मुलाच्या शर्टाला बटणाऐवजी सेफ्टी पिन होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

बाहेर रिक्षावाला थांबला होता. मी त्याला विचारलं, तुझ्या घरचं कुणी इथे होतं का? तो म्हणाला, त्याचे आजोबा गावातच गेले, भुकेनं. मग मी विचारलं, नॉम पेन्हचे जुने लोक कुठे राहतात? तो हसला. "नॉम पेन्हचं कुणी नाही. सगळे गावचे." त्याची आई गावची, बायको गावची, घरमालक गावचा. १९७५ ते १९७९ ह्या शहरात सैनिक, अधिकारी आणि कारखान्यांतले कामगार सोडले तर कुणी नव्हतं. नोटा रद्द, बाजार बंद, राष्ट्रीय बँक सुरुंगानं उडवलेली. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी सैन्य आलं, त्यानंतर लोक हळूहळू आत यायला लागले. ज्याला जे घर उघडं मिळालं त्यात तो शिरला. जुन्यांपैकी काही परतले, पण फार थोडे. आज वीस लाखांच्या वर वस्ती आहे, ती बहुतेक अशी बाहेरून आलेल्यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची. म्हणून तर सणाच्या शेवटच्या तीन दिवसांत शहर ओस पडतं, सगळे आपापल्या गावच्या वाटेत पिंड ठेवायला जातात.

त्या रात्री मला झोप येईना. बाँगचं म्हणणं मला तेव्हा कळलं. प्रेय वेंगच्या आजोबांसाठी नातू दरवर्षी प्रेय वेंगला जातो. नॉम पेन्हच्या माणसांसाठी नॉम पेन्हमध्ये कोण ठेवणार? त्यांची जी माणसं वाचली ती लाँग बीचला डोनट तळताहेत. आपण दरवर्षी गणपतीत 'गाव सुटलं, गाव सुटलं' म्हणून गळे काढतो. मीही काढते. पण माझं चिंचवड जागेवर आहे, वाडा पाडून तिथे टॉवर झाला तरी खाली दूधवाला मला ओळखतो.

रविवारी, २९ सप्टेंबरला, पहाटे साडेतीनला रिक्षा आली. नदीकाठचं वाट उनालोम हे देशातल्या मोठ्या भिक्षुसंघाचं मुख्य ठाणं. बुद्धाच्या भुवयांमधला केस तिथे जतन केलाय म्हणतात. नाव फोडून पाहिलं तर ऊर्णा आणि लोम. दारात बायका भाताचे लहान लहान गोळे ताटांत रचून विकत होत्या. चिकट भात आणि तीळ. तीळ बघून मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. दोघंही काही बोललो नाही.

मंडपात चटईवर एक म्हातारे गृहस्थ वही घेऊन बसले होते. भिक्षू नव्हेत, विधी सांगणारे गृहस्थाश्रमी. त्यांना 'आचार' म्हणतात, म्हणजे आपले आचार्य. रांगेतला प्रत्येक जण नावं सांगत होता, सात पिढ्यांपर्यंतची सांगतात. मी चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा वर करून वाचली, रिक्षावाल्याला काही विचारलं. "ही तुमची कोण?" मी म्हटलं, शेजारणीचे वडील, भाऊ आणि आत्या. ते लोक इथलेच, ती आता अमेरिकेत असते. हे ऐकल्यावर मागच्या दोन म्हाताऱ्या पुढे वाकल्या. आचारांनी चारही नावं मोठ्यानं वाचली, हळू, एकेक, मग वहीत उतरवली. कधी गेले, कुठे गेले, काही विचारलं नाही. इथे ते कुणालाच विचारत नाहीत.

मग लेखणी तशीच धरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "आणखी कोणी?"

मी नाही म्हणणार होते. आमचं सगळं रत्नागिरीला आणि पुण्याला रीतसर होतं. तेवढ्यात नवरा पुढे सरकून चटईवर मांडी घालून बसला. आणि त्यानं त्याच्या आईचं नाव सांगितलं.

माझ्या सासूबाई मे १९९८ मध्ये गेल्या. तेव्हा आमचे ग्रीन कार्डाचे कागद अशा टप्प्यावर होते, की देश सोडला असता तर अर्जच रद्द झाला असता. वकिलानं फोनवर तेच सांगितलं, दिरांनीही "येऊ नकोस, आम्ही आहोत" म्हणून सांगितलं. तो त्या दिवशी ऑफिसला गेला. संध्याकाळी आला आणि बराच वेळ गराजमध्ये गाडीतच बसून राहिला. त्यानंतर सव्वीस वर्षांत ह्या विषयावर आमचं बोलणं झालेलं नाही. दर वर्षी दीर श्राद्ध करतात, हा पैसे पाठवतो, आणि "कावळ्यांना काय कळतं" म्हणतो.

आचारांना नाव लिहिता येईना. नवऱ्यानं सवयीनं देवनागरीत लिहून दाखवलं, त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि हसले. मग हा एकेक अक्षर म्हणत गेला आणि ते आपल्या लिपीत मांडत गेले. आडनावातल्या 'कर'पाशी दोघंही अडले, शेवटी त्यांनी ते सोडून दिलं. हा म्हणाला, "तिथी सांगू का?" रिक्षावाला म्हणाला, "नको, तारीख लागत नाही." तरी ह्यानं सांगितलंच. "वैशाख वद्य पंचमी."

आचारांनी मान वर केली. "पिसाक?"

"वैशाख. पिसाक," नवरा म्हणाला, आणि पाच बोटं दाखवली. वद्यासाठी त्यांनी आकाशाकडे बोट करून चंद्र लहान होत गेल्याची खूण केली. हा जोरजोरात मान हलवू लागला. मग त्यांनी, गरज नसताना, तीही वहीत लिहिली.

भिक्षूंचं पाली पठण झालं. चारच्या सुमाराला सगळे उठले, एका हातात भाताचं ताट, दुसऱ्यात उदबत्ती-मेणबत्ती, आणि अंधारात देवळाला प्रदक्षिणा सुरू झाली. चालता चालता गोळे कडेच्या अंधारात टाकायचे. काही पितरांना उजेड सोसत नाही, म्हणून सूर्य उगवायच्या आत. फरशी पावसानं ओली आणि भातानं निसरडी झाली होती. म्हाताऱ्या बायका, जीन्समधली पोरं, आईच्या खांद्यावर झोपलेलं एक बाळ. मी बाँगच्या वडिलांचं नाव पुटपुटत टाकत होते, उच्चार बरोबर होता की नाही कोण जाणे. नवरा माझ्या पुढे होता. तीन प्रदक्षिणा झाल्या तरी त्याचं ताट संपलं नव्हतं, तेव्हा तो आणखी एक घालून आला.

लाँग बीचला तेव्हा शनिवारची दुपार होती. मी बाँगना 'झालं, चारही नावं वाचली' असा निरोप पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं. "तिथे पाऊस आहे का?" मी लिहिलं, आता थांबलाय. त्यांनी फक्त एक हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पुढचे तीन दिवस शहर खरंच रिकामं झालं. रिक्षावाला सोमवारीच बायको, मूल आणि केळीच्या पानांत बांधलेला नैवेद्य घेऊन प्रेय वेंगला गेला, त्याच बजाजमधून, नव्वद किलोमीटर. दुकानांची शटर खाली, बाजारात चार मांजरं. नोरोदोम बुलेवार्डच्या अगदी मधोमध आम्ही दोघं सकाळी चालत गेलो, तेव्हा मागून हॉर्न वाजला नाही. संध्याकाळी नदीकाठी बसलो. तिथे चार प्रवाहांचा संगम आहे, त्याला चाक्तोमुक म्हणतात, म्हणजे चतुर्मुख. पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहायला लागते, आणि पाऊस ओसरला की परत सुलटी. त्याचा उत्सव ते कार्तिकी पौर्णिमेला करतात, म्हणजे आपली त्रिपुरी. पाणी नक्की कुठल्या बाजूला चाललंय यावर आमची पैज लागली. मी एक जलपर्णीचा पुंजका धरून ठेवला आणि वीस मिनिटं पाहिला. तो जागचा हलला नाही.

सियाम रीपला जाण्यासाठी ३ ऑक्टोबरला संध्याकाळी विमानतळाकडे निघालो. आमच्या बाजूचा रस्ता मोकळा होता. समोरून मात्र सगळा देश परत येत होता. टपावर तांदळाची पोती बांधलेल्या गाड्या, नारळांनी भरलेल्या रिक्षा, एका मोटारसायकलवर आईबाप, दोन मुलं आणि पायाशी टांगलेल्या दोन कोंबड्या. आमचा रिक्षावाला अजून गावीच होता, हा दुसरा होता, त्याला इंग्रजी येत नव्हतं. नवऱ्यानं त्याच्या पाठीवर थोपटून, रिक्षेच्या छताकडे बोट दाखवून, माझ्या बाबांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.